ताई माहेरी आली, मार थांबला. मग मुलं आत्ताच का बिघडली?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "अकरा वर्षं मारझोड सोसून माझी मोठी बहीण सहा महिन्यांपूर्वी दोन मुलांना घेऊन माहेरी आली. दाजींनी मुलांवर कधी हात उचलला नाही. तिथे मुलं शांत होती. इथे आल्यापासून नऊ वर्षांचा भाचा आईला नि बहिणीला मारतो, बापाच्याच शिव्या देतो. तेरा वर्षांची भाची मात्र शहाणी, तिचं काही नाही. ताईला काही धड आठवत नाही, मुलांवर खेकसते, चोरून नवऱ्याशी फोनवर बोलते. आई-बाबा खचलेत, वहिनी वैतागली आहे. सुटका झाली तर सुधारायला हवं होतं ना?"

समुपदेशनाच्या कामात मला बावीस वर्षं झाली. त्यातली निम्मी पोलीस ठाण्याच्या आवारातल्या एका खोलीत गेली, आता जास्त काम मुलांसोबत असतं. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन माहेरची माणसं नेहमी येतात आणि बहुतेक वेळा ती सहाव्या-सातव्या महिन्यातच येतात. म्हणून उत्तर आधी सांगून टाकते. बिघाड जुना आहे, तो दिसायला आत्ता लागला. आणि तो तुमच्या घरात दिसतोय याचं कारण तुमचं घर त्या मुलांना बऱ्यापैकी सुरक्षित वाटू लागलंय.

हे पटायला जड जाईल, म्हणून त्या घरातली एक संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. मार रोज नसतो. आठवड्यातून एकदा, कधी महिन्यातून एकदा. पण तो आज होणार का, हा हिशेब मात्र रोज असतो, आणि घरातलं प्रत्येक माणूस तो करत असतं. एका मुलाने मला सांगितलं होतं, "बाबांनी चावी खिळ्याला अडकवली की जेवायचं. टेबलावर फेकली की झोपायचं." सात वर्षांचा होता. गाडी स्टँडला कशी लावली, चपला कशा काढल्या, जिन्यात कितव्या पायरीवर खोकला आला, यावरून ही मुलं पुढच्या तासाचा अंदाज बांधतात. मोठं भावंड टीव्हीचा आवाज वाढवतं किंवा धाकट्याला गच्चीवर नेतं. धाकटं कधी मुद्दाम ताट पाडतं, म्हणजे राग आपल्यावर येऊन संपेल. बाई भाजीत मीठ दोनदा चाखते, फोन उलटा ठेवते. शेजारी खिडकी लावून घेतात. प्रत्येकाला काम वाटून दिलेलं असतं. कोणी दिलं ते कुणालाच सांगता येत नाही.

आता मारणारा समोर नाही. पण कामाची सवय शरीरात शिल्लक आहे. घरात साप निघाला तर तो मारल्यावरही आपण महिनाभर पलंगाखाली वाकून बघतो, दोरी पायाला लागली तरी दचकतो. इथे साप अकरा वर्षं घरात होता. धोका जाणवला की मेंदूतला एक छोटा भाग शरीराला तयार करतो, ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल रक्तात येतं, छाती धडधडते, पोटातलं काम मंदावतं, विचार करणारा भाग मागे पडतो. धोका टळला की हे सगळं खाली बसायला हवं. ज्या लेकराचं रोजच खाली बसत नाही, त्याच्यासाठी ताणलेलं राहणं हीच नेहमीची अवस्था होऊन बसते. मग कुकरची शिट्टी, वहिनीने जोरात लावलेलं कपाट, आजोबांचा चढलेला आवाज, कशानेही ते पेटतं. तुम्हाला वाटतं उगाच पेटलं.

"मुलांवर हात उचलला नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर थोडं थांबते. १९९८ साली अमेरिकेत सॅन डिएगोमधल्या साडेनऊ हजार प्रौढांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी लोकांना त्यांच्या बालपणातल्या वाईट अनुभवांबद्दल विचारलं होतं आणि त्या अनुभवांच्या यादीत "आईला मार खाताना पाहणं" हा स्वतंत्र अनुभव होता. स्वतः मार खाण्याच्या शेजारीच त्याची जागा होती. असे अनुभव जितके जास्त, तितकं मोठेपणी नैराश्य, व्यसन, आत्महत्येचे प्रयत्न, इतकंच काय हृदयविकाराचंही प्रमाण जास्त आढळलं. हे मोठ्या समूहाचं चित्र आहे, तुमच्या भाच्याची कुंडली नव्हे. हल्ली लोक मोबाईलवर अशा अनुभवांचे गुण मोजून स्वतःचं भविष्य काढतात, ते मला मुळीच पटत नाही. पण "पोरं झोपली होती, त्यांना काही कळलं नाही" हे मात्र विसरा. त्यांना कळलेलं असतं. मुलं डोळे मिटून पडलेली असतात एवढंच.

आता भाचा. तो बापाचे शब्द जसेच्या तसे बोलतो, म्हणून घरात कुणीतरी म्हणालंच असेल, "बापावर गेलाय." तुमच्या अख्ख्या पत्रात नसलेलं हे वाक्य मी गृहीत धरते, कारण ते प्रत्येक माहेरी बोललं जातं. ते आजपासून बंद करा. नऊ वर्षांच्या मुलाने त्या घरात दोनच प्रकारची माणसं पाहिली, मारणारी आणि मार खाणारी. यातलं कोण व्हायचं असं विचारलं तर तुम्हीही काय निवडाल? रक्तात काही नसतं; शिकलेलं असतं, आणि शिकलेलं बदलतं. त्यातून त्याला बापाची आठवणही येते, आणि ती काढायची चोरी आहे, कारण नाव घेतलं की आजीचा चेहरा उतरतो. आठवण बोलता येत नाही ती हातातून बाहेर पडते. शिवाय आईवर राग असतोच. तिने आपल्याला वाचवलं नाही म्हणून, आणि तिने बाबांना सोडलं म्हणूनही. दोन्ही राग एकाच वेळी असतात आणि दोन्ही खरे असतात.

तो मारायला लागला की हात धरा, घट्ट पण दुखणार नाही असा, आणि एकच वाक्य बोला: "या घरात कुणी कुणाला मारत नाही." त्या क्षणी का मारलंस, कोणी शिकवलं, लाज नाही वाटत का, यातलं काही विचारू नका; त्याचा विचार करणारा भाग तेव्हा जागेवर नसतो. पाणी द्या, जवळ बसा. बोलणं दोन तासांनी. आणि आजोबांनी त्याला "सरळ करण्यासाठी" एक ठेवून दिली, तर त्याचा जुना धडाच पक्का होईल की मोठ्या माणसाने मारलेलं चालतं. हे बाबांना तुम्हीच सांगा, ताईला सांगायला लावू नका.

भाचीबद्दल तुम्ही एक ओळ लिहिलीत, "तिचं काही नाही." मला या घरात सगळ्यात जास्त काळजी तिची वाटते.

तेरा वर्षांची मुलगी सांगितल्याशिवाय भांडी घासते, आईच्या गोळ्यांच्या वेळा पाठ ठेवते, भावाचा अभ्यास घेते, हट्ट करत नाही, मैत्रिणीकडे जात नाही. आपल्याकडे अशा मुलीला लोक "किती समंजस" म्हणतात आणि ती आणखी अडकते. तिने वर्षानुवर्षं त्या घरात पहारा दिलाय. भावाला गच्चीवर नेणारी तीच असणार. तिचं पोट दुखतं का, डोकं दुखतं का, रात्री उठून ती दाराची कडी बघते का, आई बाथरूममध्ये जास्त वेळ राहिली तर दार वाजवते का, एवढं आठवडाभर फक्त बघा, विचारू नका. माझ्याकडे आलेली अशी एक मुलगी दहावीला ब्याण्णव टक्के मिळवून अकरावीत कॉलेजला जायचीच बंद झाली. घरच्यांना आकाश कोसळल्यासारखं वाटलं. ती म्हणाली, "आता आई बरी आहे, आता मी आजारी पडले तर चालेल." तुमच्या भाचीचे गुण पुढच्या सहामाहीत घसरले तर रागावू नका. थकलेलं माणूस बसतं तेव्हा असंच दिसतं.

तिच्या हातातली कामं एकदम काढून घेऊ नका, तिला आपण निकामी झाल्यासारखं वाटेल. एकेक करून काढा, आणि ते काम आता कोण करणार ते नावानिशी सांगा. "आईच्या गोळ्या आता मामी देणार." एवढं पुरतं.

ताईला आठवत नाही, यावर वकीलही चिडले असतील. तारीख काय, आधी कानाखाली मारली की आधी ढकललं, मागच्या वेळी वेगळं सांगितलंत. भीतीच्या क्षणी जे घडतं ते आठवणीत ओळीने बसत नाही. वास राहतो, भिंतीवरचं कॅलेंडर राहतं, त्याच्या घड्याळाचा पट्टा राहतो, पण क्रम राहत नाही. याला खोटं बोलणं समजू नका. तिला तारखा विचारण्याऐवजी सण, शाळेची ॲडमिशन, कुणाचं लग्न, अशा खुणांनी विचारा. एका वहीत जसं आठवेल तसं लिहू दे, क्रम नंतर लावता येतो.

पण विसरण्याचं आणि चिडण्याचं दुसरंही एक कारण असू शकतं, आणि ते आपल्याकडे फार राहून जातं. अकरा वर्षांत डोक्याला किती वेळा मार बसला? भिंतीवर डोकं आपटलं होतं का? वारंवार बसलेल्या माराने मेंदूला इजा होते आणि ती बाहेरून दिसत नाही. डोकेदुखी, चक्कर, उजेडाचा त्रास, शब्द न सुचणं, चटकन संताप ही तिची लक्षणं. सगळं "टेन्शन" म्हणून खपवू नका, मेंदूविकारतज्ज्ञांना एकदा दाखवा आणि त्यांना मारहाणीचं स्पष्ट सांगा. नाहीतर बाई म्हणते, "पडले होते."

आणि विचारायचाच असा एक प्रश्न: त्याने कधी गळा दाबला होता का? बायका हे आपणहून सांगत नाहीत. वळ उठला नाही तर त्या मारात धरतही नाहीत. "दाबला होता, पण सोडला लगेच," असं सहज बोलून जातात. ज्या घरात गळा दाबला गेलाय, त्या घरात पुढे जीव जाण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढलेला असतो, हे जगभरच्या कामातून दिसलंय. तशी घटना नुकतीच घडली असेल आणि आवाज बसला, गिळताना दुखलं, डोळ्यांत लाल ठिपके आले, तर त्याच दिवशी दवाखाना, कारण सूज नंतरही चढते. जुनी घटना असली तरी ती वकिलाला आणि संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे कौटुंबिक हिंसेच्या तक्रारींसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला, सांगायलाच हवी. सगळ्यात धोक्याचा काळ बाई घर सोडते तेव्हाचा आणि त्यानंतरच्या काही महिन्यांचा असतो, म्हणजे तुम्ही आत्ता त्यातच आहात. मुलांना भेटायच्या निमित्ताने तिला एकटीला बोलावलं जातंय का, यावर लक्ष ठेवा.

फोनचं म्हणाल तर मला आश्चर्य वाटलं नाही. मारणारा माणूस बाराही महिने मारत नाही. मधे तो रडतो, पाय धरतो, गजरा आणतो, मुलांना बागेत नेतो. ते दिवस खोटे नव्हते, निदान तिच्यासाठी नव्हते. भीती आणि सुटकेचा निःश्वास एकाच माणसाकडून मिळत राहिला की गाठ फार घट्ट बसते. त्यात माहेरी तिची जागा काय? भावाच्या घरातली खोली, वहिनीचं स्वयंपाकघर, "पुढे काय ठरवलंस?" हा प्रत्येक पाहुण्याचा प्रश्न. ती परत गेली तर "आता आम्हाला सांगू नकोस" असं म्हणू नका. बायका बऱ्याचदा दोन-तीन फेऱ्यांनंतर खऱ्या अर्थाने बाहेर पडतात, आणि मधल्या काळात कुणाचा फोन चालू होता यावर बरंच ठरतं. फक्त आधार कार्डं, बँकेचं पासबुक, मुलांचे जन्मदाखले, दवाखान्याचे केसपेपर, दागिन्यांच्या पावत्या यांचा एक संच तुमच्याकडे असू द्या.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी साधारण चारातल्या एकीने नवऱ्याची शारीरिक किंवा लैंगिक हिंसा अनुभवल्याचं सांगितलं. देशभरात अशी हिंसा सोसलेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त स्त्रियांनी मदत मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. तुमची ताई बोलली, निघाली. तिला घरात कुणी हे म्हणालंय का?

माहेरच्यांवर काय होतं यावर फारसं कुणी बोलत नाही. तुमचे बाबा गप्प आहेत ना? बहुतेक बाप गप्पच होतात. "स्थळ मीच आणलं" हे त्यांना गिळता येत नाही. आई रडते, त्यात मुलीचं दुःख आहेच, पण पहिल्यांदा ती रडत आली तेव्हा "पोरांकडे बघून दिवस काढ" म्हणून आपणच परत पाठवलं होतं, ही टोचणीही असते. कधी कधी आईचा स्वतःचा संसारही असाच गेलेला असतो आणि चाळीस वर्षांनी मुलीच्या निमित्ताने तो वर येतो. एका आजीने मला विचारलं होतं, "मग माझं काय म्हणायचं, ताई?" मला उत्तर देता आलं नाही. आम्ही दोघी बराच वेळ चहा पीत बसलो.

वहिनी वैतागली यात तिला वाईट ठरवू नका. तीन माणसं वाढली, खर्च वाढला, तिच्या मुलांची खोली गेली, आणि तिला विचारलं कुणी नाही. तिच्याशी पैशांचं आणि कामाचं उघड बोला. कामं वाटलेली असली की टोमणे कमी होतात, हा माझा साधा अनुभव आहे.

दाजींबद्दल थोडक्यात. त्यांच्या लहानपणीही मारझोड असू शकेल. ते कारण समजून घ्यायला उपयोगी आहे, सूट द्यायला नाही. दारू हेही कारण म्हणून मला पटत नाही. दारू पिऊन साहेबाला मारणारा मला अजून भेटलेला नाही. दोघांना समोरासमोर बसवून "मिटवून" घेण्याची घाई करू नका. बैठकीत चार माणसांसमोर बाई जे बोलते त्याची किंमत ती रात्री घरी मोजते. न्यायालयामार्फत समुपदेशन झालं, तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २००६ च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की आपण हिंसा का केली याचं समर्थन मारणाऱ्याला तिथे करता येत नाही, आणि हे त्याला सुरुवातीलाच सांगायचं असतं. गावकीच्या बैठकीत नेमकं उलटं होतं. तासभर भाजी खारट का झाली यावरच चर्चा चालते.

कायद्याचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी दोन गोष्टी मुलांशी जोडलेल्या आहेत म्हणून सांगते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करताना संरक्षण आदेश मागता येतो. त्यात तिच्याशी फोनवरूनही संपर्क करायचा नाही असं सांगता येतं, आणि तिला मदत करणाऱ्या नातेवाइकांना, म्हणजे तुम्हालाही, त्रास द्यायला मनाई करता येते. त्याच अर्जात मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो. भेटी मुलांना घातक वाटल्या तर दंडाधिकारी त्या नाकारू शकतात. सासरच्या घरात राहण्याचा तिचा हक्कही माहेरी आल्याने बुडत नाही. अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत करता येतो, आणि वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६, आणि कुणी दारात येऊन उभं राहिलं तर ११२.

मुलांशी एकदा सरळ बोलावं लागेल, आणि ते ताईने बोलावं. तुम्ही शेजारी बसा. "बाबा कामाला गेलेत" ही थाप आता बंद. असं काहीतरी: "बाबा मला मारायचे. ते चूक होतं. त्यात तुमची चूक नव्हती आणि थांबवणं तुमचं काम नव्हतं. बाबा तुम्हाला आवडत असतील तरी चालेल." शेवटचं वाक्य ताईला सगळ्यात अवघड जाईल, पण भाच्याला नेमकं तेच ऐकायचंय. वर्गशिक्षिकेला थोडक्यात सांगून ठेवा, म्हणजे वर्गात फळ्यावर डस्टर आपटल्यावर तो टेबलाखाली का गेला ते कळेल. जेवणाची, झोपण्याची वेळ रोज एकच ठेवा. ज्या मुलांना पुढच्या तासाचा भरवसा नव्हता, त्यांच्यासाठी साडेआठचं जेवण हेही औषध असतं. आणि तुम्ही, मावशी म्हणून, आठवड्यातून एका संध्याकाळी भाचीला एकटीला बाहेर न्या. पाणीपुरी खा, टिकल्या बघा. या विषयावर तुम्ही बोलू नका. ती बोलली तर ऐका. त्या दोन तासांत घरी आईकडे कोण बघतंय, ते निघतानाच तिला सांगा.

झोपेत ओरडणं, अंथरूण ओलं होणं, स्वतःला इजा करणं, "मला मरायचंय" असं काही बोलणं, यातलं काही दिसलं तर वाट न बघता मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. बाकीच्याला वेळ लागेल. महिने नव्हे, बहुधा दोन-तीन वर्षं, आणि मधे दिवाळीला, बापाच्या वाढदिवसाला, कोर्टाच्या तारखेच्या आदल्या रात्री सगळं पुन्हा उसळेल.

यातलं बरंचसं सावकाश केलं तरी चालेल. गळ्याचं तेवढं आज रात्रीच विचारा.